शेवाळाचं वाळवण

समुद्री शेवाळ या विषयावर मी जबलपुरात तीस वर्षं बोलत आले. जबलपूरहून समुद्र जिकडे जाल तिकडे सारखाच लांब, त्यामुळे माझं बोलणं खोडून काढायला कधी कुणी आलं नाही. आमच्या मुलींच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक कपाट होतं, त्यात काचेच्या बरण्या. एकीवर 'लाल शेवाळ' अशी चिठ्ठी, दुसरीवर 'तपकिरी', तिसरीवर 'हिरवं'. फॉर्मॅलिनमध्ये राहून राहून तिघांचाही रंग उकडलेल्या कोबीसारखा झालेला. मी पट्टी लावून म्हणायचे, "हे लाल." मुली वहीत लिहायच्या, लाल. गोहलपूरची एक मुलगी एकदा उठून म्हणाली, "मॅडम, यह तो सफ़ेद है." मी तिला सांगितलं, "परीक्षेत लाल लिही," आणि विषय संपवला.

तर अशी मी. निवृत्त होऊन घरी बसले होते, आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचा, रेवाचा, फोन आला. रेवा नॉर्वेत शिकते. तिला मराठी कळतं सगळं, बोलताना मात्र गाडी हिंदीच्या रुळावर जाते. "मावशी, इथं एक आजी आहे, सोल्वाइग. एका बेटावर राहते. तिच्या खाडीमधले सगळे सी-वीड जमा करून त्याचा कॅटलॉग बनवून राहिली. अकेली है बिचारी. तू तर एक्सपर्ट आहेस ना? आ जाओ ना!"

एक्सपर्ट हा शब्द कानावर पडला आणि माझी मान आपोआप डोलली. फोनवर मान डोललेली दिसत नाही म्हणून मी तोंडानंही हो म्हटलं. सगळं तिथंच बिघडलं.

आमच्या ह्यांनी बातमी ऐकली आणि चष्मा कपाळावर चढवला. "काहून चाललीस एवढ्या दूर? शेवाळ आपल्या गच्चीवरच्या टाकीत आहे. ते साफ कर म्हणून केव्हाचा सांगून राहिलो मी."

ह्यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. ह्यांचं गाव नर्मदेवरच्या बरगीच्या धरणाखाली गेलं. घर गेलं, शेत गेलं, आमराई गेली. त्यातलं घर आणि शेत हे विसरले असावेत, कारण बोलतात ते फक्त झाडांबद्दल. विहिरीपाशी मिठुआ, त्याच्या बाजूला सिंदुरिया, नाल्याकडे भादव्यात पिकणारा भदैंया, आणि असंच पुढं. दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या घरी जो येईल त्याला ही आमराई ऐकावी लागते. जावई ऐकतात, गॅसचं सिलिंडर आणणारा भैयासुद्धा ऐकतो. लग्न झाल्यावर मी त्या गावात जेमतेम दोन उन्हाळे काढले. मला आठ-दहा झाडं आठवतात. ह्यांच्या बोलण्यात मात्र दर वर्षी एखादं वाढतं. म्हणून पाहुण्यांसमोर माझं एक ठरलेलं वाक्य आहे, "धरणाखाली आंब्याला फार छान फूट येते बरं का!" पाहुणे हसतात. हेही हसतात.

बेट

विमानं, गाड्या आणि बोटी यांचं वर्णन मी करत नाही. ते सगळं मी डोळे मिटून आणि आवळासुपारी चघळून पार पाडलं. बेटाचं नाव मला अजून उच्चारता येत नाही. रेवा म्हणते, "मावशी, नाक से नहीं, गले से." माझ्या गळ्याला ते जमलं नाही.

धक्क्यावर उतरल्याबरोबर वास आला. लाकडाच्या मोठमोठ्या मांडवांवर वाळत घातलेल्या माशांचे सांगाडे लोंबत होते. आमच्याकडे मांडव म्हटला की लग्न. इथं तो मुंड्या कापलेल्या माशांचा. मी पदर नाकाला लावला. मग लक्षात आलं की सगळं बेट हाच श्वास घेतंय, आणि ओशाळून पदर खाली सोडला.

सोल्वाइग न्यायला आली होती. सत्तरीच्या पुढची, दारातून वाकून आत जावं लागेल इतकी उंच. बेटावरच्या शाळेत ती मास्तरीण होती. एक मास्तरीण दुसरीला ताबडतोब ओळखते. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी नकळत हातातल्या पिशव्या सरळ रेषेत ठेवल्या. सुट्टीपुरती रेवाही तिथंच राहायला होती. सोल्वाइगचं आणि माझं बोलणं इंग्रजीत चालायचं. दोघींचंही इंग्रजी परकं, त्यामुळे दोघी सावकाश बोलायचो आणि एकमेकींना छान समजायचं.

तिच्या लाल लाकडी घरात पहिल्या संध्याकाळी तिनं वॅफल आणि त्यावर तपकिरी चीज दिलं. चीज तपकिरी कसं, हा प्रश्न मनात ठेवून मी घास घेतला, आणि अगं बाई! आमच्या खव्याच्या जिलबीची सख्खी बहीण! तोच आटवलेल्या दुधाचा करपट गोडवा, नुसती पाकात टाकायची राहिलेली. मी एवढ्या कौतुकानं खाल्लं की पुढचे सगळे दिवस मला सकाळ-संध्याकाळ तेच मिळालं. कौतुक जपून करावं हे मला जबलपुरातही कधी जमलं नाही.

संध्याकाळ म्हटलं खरं, पण तिथं उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. दिवेलागणीची वेळ झाली हे घड्याळ सांगायचं आणि बाहेर लखलखीत ऊन. पहिल्या दिवशी मी देवापुढं हात जोडून खिडकीकडं पाहिलं आणि दिवा न लावताच नमस्कार केला. फोनवर ह्यांनी विचारलं, "रात्रच नाही होत, तर मग तू जेवून कधी राहिली?" मी म्हटलं, "सारखीच." "अच्छा," हे म्हणाले, "म्हणजे घरच्यासारखंच."

डावीकडून

सोल्वाइगच्या घरापुढं उतार आहे, उताराखाली छोटी खाडी. आमच्या नर्मदेवरच्या ग्वारीघाटापेक्षाही लहान. उन्हाळा संपला की तिच्यात दगड टाकायला सुरुवात होणार होती. मोठी बोट लागेल असा नवा धक्का तिथं बांधायचं ठरलं होतं. मला वाटलं ही त्याच्याविरुद्ध लढत असेल. मी मुठी वळून तयारच होते.

"छे," ती म्हणाली. "आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला बोट हवीच. धक्का होऊ दे. पण जे झाकणार आहोत ते काय होतं, एवढं तरी लिहून ठेवू या. आणि नुसतं लिहायचं नाही. प्रत्येकाचा नमुना कागदावर हवा. नमुना नसेल तर नावही नाही."

तिची पद्धत अशी. ओहोटी लागली की समुद्राकडं तोंड करून उभं राहायचं आणि अगदी डावीकडून सुरू करायचं. वरून खाली एक दोर टाकायचा. दोराला जे जे लागेल ते बघायचं, प्रत्येकातलं थोडं थोडं घ्यायचं. मग दोर उजवीकडं सरकवायचा. उजवीकडं काहीही चमकलं तरी त्याची पाळी येईपर्यंत तिकडं जायचं नाही.

"का?" मी विचारलं.

"कारण आपल्याला आवडतं तेच आपण बघतो," ती म्हणाली. "डावीकडून गेलं की न आवडणारंही बघावं लागतं."

वा, काय बोलली, असं मनात म्हणत मी डावीकडचा पहिला खडक गाठला. त्यावर पाय ठेवला आणि पुढच्या क्षणी खाडीतले सगळे पक्षी माझ्याकडं बघत होते. आपटले होते ती कशीबशी उठले, लांबूनच खडकाकडं एक नजर टाकली आणि सांगितलं, "इथं काही नाही." सोल्वाइगनं विश्वास ठेवला. एक्सपर्ट होते ना मी.

नर्मदेकाठी वाढलेल्या माणसाला समुद्राची रीत कळत नाही. नदी एका दिशेनं जाते, गेलेलं पाणी परत येत नाही. मी एक बूट काढून खडकावर ठेवला, पायातला खडा काढला, चार पावलं जाऊन एक शेवाळ बघत बसले. मागं वळले तर खडक नाही आणि बूटही नाही. नर्मदामाईनं आजवर कधी माझी चप्पल नेली नव्हती. पुढचे दिवस मी सोल्वाइगच्या दिवंगत नवऱ्याचे बूट घालून हिंडले. त्यात माझे दोन्ही पाय एकाच बुटात मावले असते.

पण एक सांगते. पहिल्या ओहोटीला खाली उतरले आणि ते रंग पाहिले, तेव्हा मला रडू फुटलं. पुरुषभर लांबीचे तपकिरी पट्टे, ओल्या चामड्यासारखे चकचकीत, ज्यांची चित्रं मी तीस वर्षं फळ्यावर काढली आणि दर वर्षी जरा आखूड काढली, कारण फळा संपायचा. आणि लाल! कुंकवासारखं लाल, वाइनसारखं लाल, जांभळाकडं झुकणारं लाल. मी त्या थंडगार पाण्यात उभी राहून मोठ्यानं म्हटलं, "हो गं बाई, लाल आहे!" गोहलपूरची ती मुलगी आता कुठं असेल कोण जाणे.

शेवाळ कागदावर घेणं ही मोठी नाजूक कला आहे. पसरट ताटात समुद्राचंच पाणी घ्यायचं, शेवाळ त्यात तरंगू द्यायचं, खालून जाड कागद सरकवायचा, कुंचल्यानं एकेक फांदी मोकळी करायची आणि हळूच कागद वर उचलायचा. शेवाळ आपल्याच चिकानं कागदाला धरून बसतं. वरून मलमल, मग टीपकागद, मग सगळं दोन फळ्यांमध्ये घट्ट दाबून घराच्या आत. टीपकागद रोज बदलायचे. वाळायला किती दिवस लागतात? "लागतील तितके," सोल्वाइग म्हणायची.

लाल पीस

एकदा वॅफल भाजता भाजता ती म्हणाली, "एक अजून सापडलं नाही."

पक्ष्याच्या पिसासारखं, अगदी बारीक कातरलेलं, गडद लाल शेवाळ. तिच्या लहानपणी ती आणि तिची बहीण याच खाडीतून ते आणायच्या आणि नाताळच्या शुभेच्छापत्रांवर चिकटवायच्या. पत्रं लोकांकडं गेली, बहीण देवाघरी गेली. सोल्वाइग तीन उन्हाळे शोधत होती. बेटावरच्या जुन्या माणसांना विचारलं तर ते म्हणाले, तसलं काही इथं नव्हतं, तू दुसरीकडं पाहिलं असशील. त्याचं लॅटिन नाव मी इथं देत नाही. तीस वर्षं देऊन मुलींचं काही भलं झालेलं नाही.

"आता मलाच खात्री नाही," ती म्हणाली. "खाडीत होतं, की फक्त माझ्या डोक्यात?" एवढं बोलून तिनं वॅफल उलटलं. ते जरा जळालं होतं.

दुसऱ्या दिवशी तिला दाताच्या डॉक्टरकडं पलीकडच्या गावी जायचं होतं. रेवा तिच्याबरोबर बोटीनं गेली. जाताना सोल्वाइगनं बजावलं, "दोर जिथं आहे तिथूनच पुढं." मी म्हटलं, "हो हो."

ओहोटी लागली. मी दोरापाशी गेले. आणि उजवीकडं, पार टोकाला, एका तपकिरी शेवाळाच्या देठावर काहीतरी लाल हललं.

गेले. कशी नाही जाणार? नवऱ्याचे नव्हे, तिच्या नवऱ्याचे बूट फटक फटक वाजवत गेले. वाकले, आणि हातात आलं ते लाल पीस! फांदीला फांदी, तिला दात, दातांनाही दात. भिंगातून पाहिलं, पुन्हा पाहिलं. तेच! फोटो काढायला हात पदराकडं गेला, पण माझा फोन आदल्या दिवशी डबक्यात पडला होता आणि रेवाच्या सांगण्यावरून तांदळात ठेवायचा होता. तांदूळ नव्हते म्हणून तो जबलपूरहून नेलेल्या पोह्यांच्या डब्यात सुकत पडला होता. असो. ओंजळीएवढा झुबका होता, तो मी मुळापासून अख्खा काढला. थोडं ठेवावं, एवढंही सुचलं नाही.

घरी आले. ताट, कागद, कुंचला. इतकं सुंदर पसरलं की माझी मलाच दृष्ट लागेल असं वाटलं. सोल्वाइग दोन दिवसांनी परत येणार होती. ती येईल तेव्हा कोरडा, तयार नमुना तिच्या हातात ठेवायचा, असं मी मनात ठरवलं.

फळ्यांत दाबून ठेवलं. सकाळी उघडून पाहिलं तर कागद ओलसर. आणि बाहेर ऊन! कसलं ऊन! स्वच्छ, वाऱ्याचं, मावळायचं नाव न घेणारं ऊन, आणि साऱ्या उतारावर काहीएक वाळत घातलेलं नाही. जबलपूरच्या बाईला हे बघवत नाही हो. आमच्याकडं चैत्र लागला की गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते. पापड, कुरडया, वड्या, बिजोरे. ऊन फुकट गेलं तर झोप लागत नाही. आणि इथं ही बाई टीपकागद बदलत बसलीये! मी म्हटलं, सरिता, दाखव यांना वाळवण म्हणजे काय ते.

सोल्वाइगची पांढरी चादर गवतावर अंथरली. फळ्यांतले सगळे कागद एकेक करून त्यावर मांडले, लाल पीस मधोमध. कोपऱ्यांवर दगड. कावळ्यांचा बंदोबस्त म्हणून काठीला माझा काळा ब्लाउज बांधून उभा केला. पाखरांची काय हिंमत! त्या निशाणाकडं अभिमानानं पाहत मी चहा टाकायला आत गेले.

पाखरं खरंच आली नाहीत. मेंढ्या आल्या.

त्या बेटावरच्या मेंढ्या ओहोटीला खाडीत उतरून शेवाळ खातात, हे मी रोज डोळ्यांनी बघत होते. रोज! त्यांचे फोटोही काढले होते, ह्यांना पाठवले होते. आणि त्यांना न उतरता मिळावं म्हणून मी ते स्वच्छ चादरीवर, पंगत मांडावी तसं मांडून ठेवलं होतं. कप घेऊन बाहेर आले तेव्हा चार जणी जेवत होत्या. एकीच्या तोंडातून कागदाचा कोपरा बाहेर होता. मी कप टाकून धावले, "हट्! हट्! अरे देवा, हट् ना!" त्यांना मराठी कळेना, हिंदी कळेना. ब्लाउज वाऱ्यावर फडफडत होता. चादरीवर उरले होते चार दगड आणि काही चावलेल्या चिंध्या. लाल पिसाचा मागमूस नव्हता.

"पाहिलं होतं"

सोल्वाइग एक गाल सुजवून परत आली. मी दारातच सगळं सांगितलं. ती उतारावर गेली, चिंध्या उचलल्या, कुठल्या कुठल्या नमुन्यांच्या आहेत ते ओळखलं. ते पुन्हा गोळा करता येतील, म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आणि ते लाल पीसही होतं," मी म्हटलं. "तुझं. मी पाहिलं, सोल्वाइग. भिंगातून पाहिलं."

"मावशी, पक्का ना?" रेवा हळूच म्हणाली. "वो दूसरा वाला तो नहीं था, जो थोडा वैसा ही दिखता है?"

"नाही गं! तेच होतं. कुंकवासारखं. दातांना दात होते."

सोल्वाइग माझ्याकडं बघून हसली. फार प्रेमानं हसली. "असेल," म्हणाली. "असू शकेल." आणि माझा हात थोपटला.

ते हसणं मी ओळखलं. आमच्या दिवाणखान्यातल्या पाहुण्यांचं हसणं होतं ते. आता यावर काय बोलायचं म्हणून मीही हसले. आणि हसता हसता मला ह्यांचं हसणं आठवलं, मी ते धरणाखालच्या फुटीचं वाक्य टाकते तेव्हाचं. इतकी वर्षं मला वाटायचं त्यांना ते विनोदी वाटतं.

त्या संध्याकाळी रेवाच्या फोनवर ह्यांच्याशी बोलले. मेंढ्यांचं सांगितलं. पलीकडं हसून हसून ठसका लागला. "काळा ब्लाउज लावला होता? बापा रे!" मग म्हणाले, "पण तू पाहिलं होतंस ना?"

"हो."

"मग होतंच ते," हे म्हणाले. "तू काहून रडून राहिली?"

पुन्हा पहिला खडक

पुढच्या सगळ्या ओहोट्यांना मी खाडीत होते. उजवं टोक पिंजून काढलं. तिथं असणार कसं? मुळापासून मीच उपटलं होतं. मोठ्या ओहोटीचे दिवस संपत आले. आता पाणी रोज थोडं कमी हटणार होतं, आणि पुढच्या मोठ्या ओहोटीपर्यंत माझा मुक्काम नव्हता.

शेवटच्या चांगल्या ओहोटीला मी दोर घेतला, समुद्राकडं तोंड केलं आणि पहिल्यापासून डावीकडून सुरुवात केली. डावीकडचा पहिला खडक तोच, ज्यानं मला पाडलं होतं आणि ज्याच्याबद्दल मी 'इथं काही नाही' असं जाहीर केलं होतं. या वेळी उभं राहायच्या भानगडीत पडलेच नाही. सरळ पोटावर आडवी झाले आणि ओल्या खडकाच्या कडेनं डोकं खाली घातलं. साडीवर रेवाचा रेनकोट, पायात ते बूट, डोकं खाली आणि पाय आकाशाकडं. माझ्या विद्यार्थिनींनी पाहिलं असतं तर पेन्शन थांबवा म्हणून अर्ज केला असता.

खडकाच्या पोटाशी, जिथं ऊन कधी पोचत नाही, तिथं ते होतं. एक नाही, रांगच्या रांग लाल पिसं ओलेती होऊन लोंबत होती.

मी "सोल्वाइग!" म्हणून ओरडले आणि त्याच झटक्यात डोक्यावर पाण्यात गेले. पाणी कमरेइतकंच होतं, पण थंडी अशी की नाव-गाव विसरले. रेवानं मला ओढून काढलं. सोल्वाइगनं माझ्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. ती त्या वयात, त्या उंचीसकट, खडकावर पालथी झाली होती. बराच वेळ उठलीच नाही. मग उठून बसली, तळहातावर एक पीस घेऊन भिंगातून पाहिलं, आणि भिंग रेवाकडं दिलं. तिचे डोळे भरून आले होते.

"म्हणजे मी खोटं आठवत नव्हते," ती म्हणाली.

"नाही," मी दात वाजवत म्हटलं. "तुम्ही कुणीच नाही."

तुम्ही कुणीच म्हणजे कोण, ते तिनं विचारलं नाही.

या वेळी मी एकच फांदी घेऊ दिली. कागदावर ती सोल्वाइगनं पसरली. टीपकागद मी बदलले, रोज, घराच्या आत. खिडकीबाहेर तेच लखलखीत ऊन पडलेलं असायचं. मी पडदा ओढून घेत असे. यादीत त्या शेवाळापुढं नमुना लागला, आणि त्याखाली सोल्वाइगनं आपल्या मास्तरणीच्या अक्षरात एक ओळ घातली, ती रेवानं मला वाचून दाखवली: 'याआधीचा नमुना मेंढ्यांनी खाल्ला. पाहणारी, जबलपूरची सरिता.' मी म्हटलं खोड ते. ती म्हणाली, "का? खरं आहे ना?"

दीक्षितपुरा

निघताना सोल्वाइगनं कॉलेजसाठी जास्तीच्या नमुन्यांचा एक गठ्ठा दिला. रेवानं त्याच्या परवानगीचे सगळे कागद रीतसर करून आणले. कॉलेजात तो मी स्वतः नेऊन दिला आणि बरण्यांशेजारी ठेवायला लावला. सिहोऱ्याहून बसनं येणारी एक मुलगी तिथं उभी होती. तिनं कागदाकडं पाहिलं, बरणीकडं पाहिलं, आणि माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी लगबगीनं घरी आले.

घरी हे मी आणलेलं तपकिरी चीज खात होते. "खव्याच्या जिलबीची सर नाही," म्हणाले, आणि आणखी एक तुकडा कापला.

मी टेबल पुसलं. सोल्वाइगकडून मागून आणलेले कोरे जाड कागद ठेवले, पेन ठेवलं आणि म्हटलं, "चला. झाडं सांगा."

"कोणती झाडं?"

"तुमची. गावची. सगळी."

ह्यांनी सुरी खाली ठेवली. "मस्करी करून राहिली?"

"नाही."

जो माणूस सिलिंडरवाल्याला जिन्यात थांबवून आमराई ऐकवतो, त्याच्या तोंडून शब्द फुटेना. मिठुआ नाही, सिंदुरिया नाही, काही नाही. मग म्हणाले, "उद्या सांगतो," आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहे करत होते तर हे अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून टेबलाशी येऊन बसले होते. लग्नकार्याला निघावं तसे. मी गॅस बंद केला आणि समोर बसले.

"कुठून सुरू करू?" ह्यांनी विचारलं. "मिठुआपासून?"

"नाही. आवडतं तिथून नाही. घराच्या दारात उभे राहा, नर्मदेकडं तोंड करा, आणि डावीकडून."

ह्यांनी थोडा विचार केला. मग उठले, खुर्ची उचलली आणि खिडकीकडून भिंतीकडं वळवून ठेवली. भिंतीवर नुसतं कॅलेंडर आहे. तिच्यापलीकडं, शहर ओलांडून, बरगी. त्या खुर्चीत बसून त्यांनी डोळे मिटले. डावा हात जरासा उचलला.

"अरे," ते म्हणाले. "डावीकडं पहिली तर चिंच आहे. आंबा नाहीच. वाकडी होती, फार आंबट. हिचं मी कधी कुणाला सांगितलंच नाही."

ती चिंच मला आठवत होती. नवी नवरी होऊन गेले तेव्हा आमची बैलगाडी तिच्याच सावलीत थांबली होती, आणि उतरताना माझा पदर तिच्या फांदीला अडकला होता.

"होती," मी म्हटलं. "मी पाहिलीय."

ह्यांनी डोळे उघडले नाहीत. हात तसाच डावीकडं धरून ठेवला.

"लिही मग," म्हणाले.